फळ्यावरची ओळ: स्वतःचा सुविचार कसा लिहावा

पाटण तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत माझ्या नोकरीची शेवटची अकरा वर्षं गेली. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला सुविचाराचा फळा होता. रोज परिपाठाआधी मी तिथं एक ओळ लिहायचे. ओळी एका छोट्या पुस्तिकेतून यायच्या. ‘वेळ अमूल्य आहे’, ‘नेहमी खरे बोलावे’, ‘श्रमासारखा मित्र नाही’. एका गुरुवारी राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, दिनविशेष झाला आणि सुविचार वाचायला आलेली चौथीतली मुलगी फळ्यापुढं थांबली. म्हणाली, “बाई, ह्यो कालच वाचला न्हवं?” तो कालचा नव्हता. पण काल कुठला होता ते तिला आठवेना, ओळीतल्या बेचाळीस पोरांना आठवेना आणि मलाही आठवेना.

त्या दिवसापासून मी पुस्तिका कपाटात ठेवली आणि ओळी स्वतः लिहायला लागले. पहिल्या वर्षात जमल्या त्या जेमतेम चौदा. पण त्या पोरांच्या तोंडी बसल्या आणि पोरांच्या तोंडून घरी गेल्या. कशा लिहिल्या ते इथं सांगते. शाळेचा फळा असो, वाचनालयाचा असो, सोसायटीच्या जिन्यातला असो, पद्धत हीच चालते.

आधी वही, मग खडू

दोनशे पानी रेघांची वही घ्या. डाव्या पानावर पाहिलेली गोष्ट तारीख घालून लिहायची आणि उजवं पान कोरं सोडायचं. डाव्या पानावर फक्त डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं. ‘माणसं फार स्वार्थी झालीत’ असं लिहिलंत तर ते पान वाया गेलं समजा, कारण त्यातून पुढं काही निघत नाही. त्याऐवजी माझ्या वहीतली ही नोंद बघा:

‘बुधवार. आठवडी बाजार. भाजीवाली अर्धा किलो वांगी तोलत होती. गिऱ्हाईक वाकून काट्याकडे बघत होतं. तोलून झालं. मग तिनं मूठभर कोथिंबीर वर घातली, तेव्हा तेच गिऱ्हाईक पिशवीचं तोंड मोठं करून तिच्या हाताकडे बघायला लागलं.’

एवढंच. यावर मी त्या दिवशी काही म्हटलं नाही. किमान आठ दिवस उजव्या पानाला हात लावायचा नाही, हा नियम मी कसोशीने पाळते. पाहिल्या पाहिल्या सुचतं ते बहुतेक वेळा आपण आधी कुठंतरी वाचलेलं असतं. आठ दिवसांनी ती वाचलेली वाक्यं खाली बसतात आणि पाहिलेली गोष्ट वर राहते. कोथिंबिरीच्या नोंदीसमोर तीन आठवड्यांनी ओळ आली: ‘तोलताना डोळा काट्यावर, वरचं घालताना हातावर.’

बघायचं कुठं? जिथं माणसाला वाटतं की आपल्याकडे कुणी बघत नाही, तिथं. रेशनच्या दुकानातली रांग, लग्नातली पंगत, दवाखान्याबाहेरचा बाक, एसटीचा थांबा. एसटीच्या थांब्यानं मला सगळ्यात जास्त दिलं. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, कधी लहान पोरगंसुद्धा आत जातं. रुमाल टाकणारा माणूस अजून बाहेर गर्दीत दाबला जात असतो, पण ती जागा त्याची झालेली असते. आत येऊन तिथं दुसरं कुणी बसलेलं दिसलं की हक्काची वस्तू चोरीला गेल्यासारखा तो कळवळतो. हे मी तीसेक वर्षं पाहत आले आणि फळ्यावर लिहिलं, ‘रुमाल पडला, की मन बसलं.’ पाच शब्द. पुढं वर्गात कुणी वाढदिवसाच्या आधीच सायकल आपली समजून बसलं की बाकीची पोरं म्हणायची, “ह्यानं रुमाल टाकला.”

उजवं पान: एक ओळ कशी घडते

इथं मी जरा थांबून सांगणार आहे, कारण खरं काम इथंच आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या तालुक्यात घरंच्या घरं बसली. शाळेजवळ राहणारे एक आजोबा तेव्हा पोरवयाचे होते. झोपेतच त्यांच्या अंगावर भिंत आली आणि दाराला आतून कडी असल्यामुळं बाहेर काढायला वेळ लागला. तेव्हापासून ते रात्री कडी पूर्ण अडकवत नाहीत, नुसती टेकवून ठेवतात. हे मी डाव्या पानावर लिहिलं. उजवीकडं चार महिन्यांत चार ओळी झाल्या.

पहिली: ‘संकट माणसाला सावध बनवते.’ हे खरं आहे, पण ते कुठल्याही गावातल्या कुठल्याही संकटाला लागू पडतं. त्यात आजोबा नाहीत, दार नाही, रात्र नाही.

दुसरी: ‘भूकंप पाहिलेला माणूस आयुष्यभर दाराची कडी नीट लावत नाही.’ दार आलं, पण ही बातमी झाली. ऐकणारा म्हणेल, बरं.

तिसरी: ‘भिंत पडलेली पाहिली, की कडी सैल होते.’ जवळ आले. पण ‘पाहिली’ बरोबर नव्हतं. पाहणाऱ्या शेजाऱ्यांनी पुढं नवी घरं बांधली आणि घट्ट कड्या लावून झोपले. ज्याच्या अंगावर आली, त्याची गोष्ट वेगळी होती.

चौथी: ‘ज्याच्यावर भिंत पडली, त्याची कडी कायम सैल.’

ही फळ्यावर गेली. त्या आठवड्यात पालकसभा होती. नातवाला सांभाळणारी एक आजी सभा संपल्यावर फळ्यापाशी उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, नातवानं वाचून दाखवलं. ती मला म्हणाली, “बाई, ह्याचं आसंच हाय. कुठं ऱ्हायला न्येला तर दप्तर उघडत न्हाई.” तो मुलगा तोवर तीन नातेवाइकांच्या घरी राहून आला होता. वर्गातही तो दप्तर मांडीवर ठेवून बसायचा आणि मी दोन वर्षं त्याला ‘खाली ठेव’ म्हणून सांगत होते. त्या दिवसापासून सांगायचं बंद केलं.

ओळ आपण जिथून उचलली त्या घरातून निघून दुसऱ्या घरात शिरली, तर ती जमली असं मी मानते. भूकंपाची गोष्ट भूकंपापाशीच राहिली असती तर मी पाचवी ओळ लिहिली असती.

शब्दांची काटछाट

म्हणी हा आपला सगळ्यात चांगला वस्तुपाठ. ‘अति तेथे माती’ तीन शब्दांची आहे. ‘कामापुरता मामा’ दोनच शब्दांची. ‘गरज सरो, वैद्य मरो’ चारांची. यांत ‘असते’, ‘आहे’, ‘होय’ कुठंही नाही. मराठीत असं क्रियापद गाळता येतं आणि गाळलं की वाक्याचा कणा ताठ होतो. ‘घरोघरी मातीच्या चुली असतात’ म्हणून बघा, लगेच ढिलं वाटेल. म्हणून ओळ लिहून झाली की शेवटचं ‘असते’ झाकून वाचा. अर्थ तसाच राहिला तर ते पुसा.

‘नेहमी’, ‘कधीही’, ‘प्रत्येकाने’, ‘पाहिजे’ आणि ‘जीवन म्हणजे’ हे शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलेत, ते वापरायचे नाहीत म्हणून. ‘पाहिजे’ आलं की ओळ उपदेश करायला लागते आणि उपदेश ऐकताना माणूस मनातल्या मनात तोंड फिरवतो. दिसलेलं दाखवलं की तो पुढं येऊन बघतो.

यमक जमलं तर उत्तम, कारण पोरांना पाठ होतं. पण यमकासाठी अर्थ वाकवू नका. आमटी-भातावरून मला एक यमकाची ओळ सुचली होती, चांगली वाजतही होती, पण मी पाहिलेलं तिच्यात नव्हतं. पाहिलं होतं ते असं: गावजेवणाच्या पंगतीत आमटी वाढणारा ओळखीच्या माणसापुढं आला की ओगराळं पातेल्याच्या तळाशी नेतो, कारण डाळ तळाशी बसलेली असते. परक्यापुढं वरचं पाणी जातं. वाढणाऱ्याला स्वतःला ते कळतही नाही, हात आपोआप खाली जातो. यमक सोडलं आणि सरळ लिहिलं: ‘ओळख दिसली, की ओगराळं तळाला.’

एका श्वासात म्हणता येईल एवढीच ओळ ठेवा. पहिलीतल्या पोराकडून म्हणवून घ्या. तो मध्ये अडखळला तर त्या जागचा शब्द बदला.

हाताला लागणारी वस्तू हवी

जात्यावरच्या ओव्या बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवून ठेवल्या. भाऊ, सासर, विठ्ठल, पाऊस, मरण, सगळं त्यांत आहे. ते येतं मात्र जातं, बांगडी, उंबरा, तुळस, पंढरीची वाट यांच्या हातात हात घालून. ज्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं, त्या बायांनी माणसाचा स्वभाव एवढा बारीक पाहिला, कारण त्यांच्यापुढं वस्तू होत्या आणि दळायला पहाटेचा लांब वेळ होता.

मात्र वस्तू जुनी झाली की म्हण मुकी होते, हे मी वर्गात पाहिलं. ‘बैल गेला आणि झोपा केला’ याचा अर्थ विचारला तर पोरं म्हणाली, बैल गेल्यावर मालक झोपला. झोपा म्हणजे गोठ्याचं दार, हे त्यांच्या घरातूनही कुणी सांगेना. ‘दिव्याखाली अंधार’ म्हटल्यावर एकानं छताच्या बल्बकडे बोट केलं आणि म्हणाला, “ह्येच्याखालीच तर लई उजेड पडतोय.” तो बरोबर बोलत होता. दुसऱ्या दिवशी मी पणती आणली, दारं-खिडक्या लावल्या, पणती पेटवून उंच धरली. बुडाखालचा काळा गोल जमिनीवर हलताना दिसला तेव्हा सगळा वर्ग ‘हाऽऽ’ म्हणाला. नवीन काही सुचलं नाही अशा आठवड्यात मी हेच करते. जुनी एक म्हण घ्यायची आणि तिच्यातली वस्तू शोधून आणायची. पळसाची फांदी आणून तीन-तीन पानं मोजायची. अर्थ अडला तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ बघते, त्याचा पहिला भाग १९४२ चा आहे. आपण लिहिलेली ओळ आधीच म्हण म्हणून अस्तित्वात आहे का, हेही तिथं तपासता येतं.

स्वतःच्या ओळीत मात्र आजची वस्तू घ्या. चार्जर, गॅसची टाकी, हेल्मेट, प्लॅस्टिकची खुर्ची. त्या हलक्या वाटत असतील तर लक्षात घ्या, म्हणीतला आडही कधीकाळी रोजचाच होता.

कुणाला लागेल?

फळ्यावर लिहायच्या आधी वर्गातल्या एकेका पोराचा चेहरा डोळ्यांपुढून न्या. हे मी एका चुकीतून शिकले.

एकदा मी लिहिलं होतं, ‘मागून आणलेलं पीठ लवकर सरतं.’ उसनवारीवरची ओळ होती आणि मला ती आवडली होती. परिपाठात ती वाचली गेली तेव्हा तिसरीतला एक मुलगा मान खाली घालून बुटाच्या टोकानं माती उकरत होता. त्याची आई त्याच सकाळी शेजारून पीठ मागून आणताना अर्ध्या वाडीनं पाहिली होती, हे मला मधल्या सुट्टीत कळलं. मी फळा पुसला. त्याच्याशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्याला खडू दिला आणि त्याला हवं ते लिहायला सांगितलं. त्यानं आंब्याचं झाड काढलं. ते आठवडाभर तसंच राहिलं.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळते. ज्याच्याकडे कमी आहे त्याच्या कमीवर ओळ लिहायची नाही, ज्याच्या हातात ओगराळं आहे त्याच्यावर लिहायची. आणि गावातल्या एखाद्या माणसाला मनात धरून तर मुळीच लिहायचं नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ हा खेळ लहान गावात क्षणात ओळखला जातो आणि फळा भांडणाची जागा होतो. ओळीतलं माणूस म्हणून स्वतःला घालून बघा. ते खरं वाटलं तरच पुढं जा. तळातून आमटी मीही वाढली आहे.

नाव कुणाचं लिहायचं

मोबाइलवर फिरणाऱ्या ओळींखाली थोरामोठ्यांची नावं असतात. एकच ओळ मी तीन वेगवेगळ्या नावांनी वाचली आहे. माझा नियम असा की ती व्यक्ती हे कुठं म्हणाली ते पान दाखवता येत नसेल, तर नाव लिहायचं नाही. मुलं फळ्यावरच्या नावावर विश्वास ठेवतात आणि वीस वर्षांनी तेच कुणाला तरी सांगतात. गावातल्या माणसाकडून ऐकलेलं असलं तर मी खाली ‘वाडीतून’ असं लिहायचे. माझ्या ओळींखाली काहीच नाही.

फळा

हे पटकन सांगते. पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहा, मोठ्यांच्या नव्हे. पांढरा आणि पिवळा खडू लांबून दिसतो. लाल-निळा काळ्या फळ्यावर बुडून जातो. खडूचं टोक पाण्यात बुडवून लिहिलं तर अक्षर वाळल्यावर ठसठशीत उठतं, पण पुसायलाही ओलं फडकं लागतं. सरळ रेघेसाठी सुतळी खडूच्या भुकटीत घोळायची, दोन पोरांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधोमध ओढून सोडायची. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा बघा, कारण फळ्यावरची चूक बेचाळीस वह्यांत उतरते. आणि रोज नवीन ओळीचा हट्ट सोडा. सोमवारी लिहिलेली शुक्रवारपर्यंत राहू दे. रोजचा नवा सुविचार म्हणजे रोजचा विसर, हे मला त्या गुरुवारी कळलं होतं.

शनिवारी सकाळची शाळा असते. शनिवारचा फळा मी पोरांना दिला. अट एकच, स्वतः पाहिलेलं. पहिले दोन महिने ‘खोटे बोलू नये’ हेच येत राहिलं. मी फक्त विचारायचे, “हे तू कुठं पाहिलंस?” मग एका शनिवारी पाचवीला जायला निघालेल्या एका मुलीनं लिहिलं, ‘फोनचं चार्जिंग संपत आलं की आजी कामाचं बोलती.’ मी ते वाचून बराच वेळ उभी राहिले. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. आयुष्यभर जे बोलली नव्हती ते तिनं शेवटच्या दोन महिन्यांत सांगितलं होतं. त्या मुलीला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ‘बोलती’चं ‘बोलते’ मी केलं नाही. आजीच्या घरातली ओळ होती, तिथल्याच बोलीत राहिली.

खालचा तिसरा हिस्सा मोकळा

ओळ फळ्याच्या वरच्या भागात लिहा आणि खाली जागा सोडा. हे मला उशिरा सुचलं. स्वभावाविषयी लिहिलेलं खरं असलं तरी सगळ्यांना लागू नसतं आणि ज्याला ते लागू नाही त्याला तसं सांगता आलं पाहिजे. खडूचा एक तुकडा मी खालच्या चौकटीवर ठेवायला लागले.

ओगराळ्याची ओळ होती त्या आठवड्यातली गोष्ट. बुधवारी मधल्या सुट्टीनंतर खाली वेडंवाकडं अक्षर दिसलं. शाळेत जेवण बनवणाऱ्या मावशींच्या मुलीचं होतं. तिनं लिहिलं होतं, ‘माझी आई नव्या पोराला तळातनं वाढती.’ मी स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन मावशींना विचारलं. त्या पातेलं घासत होत्या. म्हणाल्या, “नवं पोर लाजतं ओ बाई, दुसऱ्यांदा मागत न्हाई. म्हनून त्येला पैल्यांदाच दाट.”

दोन्ही ओळी शनिवारपर्यंत फळ्यावर राहिल्या.